सरकारी खाट आणि खासगी पॉलिसी : आमचे काही अनुभव

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर एखाद्या डॉक्टरांनी बोलावे अशी मूळ सूचना होती. ते आले नाहीत म्हणून आम्ही उभे आहोत असे नाही; दवाखान्याच्या आतली गोष्ट डॉक्टर सांगतील, पण बाहेरच्या ओट्यावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांची गोष्ट कोणीतरी सांगावी, असे समितीला वाटले. आम्ही रुग्णसहाय्याचे काम करणारे पाच-सहाजण. काही नांदेडचे, काही लातूरचे. अहमदपूरमार्गे जाणाऱ्या एसटीत बसून एकमेकांच्या गावी जायचे, कोणाचा केसपेपर काढून द्यायचा, कोणाला रक्त मिळवून द्यायचे, एवढेच आमचे काम. त्यामुळे आम्ही बोलू ते पाहिलेले बोलू, आणि एक गोष्ट केलेलीही सांगू. ती सांगताना आमची मान खाली जाईल. पण ती सांगितल्याशिवाय या व्यासपीठावर उभे राहण्याचा आम्हांला अधिकार नाही.

सुरुवात सरकारी खाटेपासून करू. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले. पूर्वी त्याचे रुग्णालय शहरात होते, पुढे ते विष्णुपुरीला गेले. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी उभे राहिले तर मराठवाडा म्हणजे काय ते कळते. हिंगोली, परभणी, उमरखेड, पुसद, आणि पलीकडून तेलंगणातले आदिलाबाद, निजामाबाद. एका रांगेत चार बोली ऐकू येतात. साप चावलेला शेतमजूर, विष घेतलेला शेतकरी, अडलेली बाळंतीण, यांना शेवटी आणून सोडायचे ठिकाण तेच. खासगी दवाखाना पेशंट हाताबाहेर गेला की चिठ्ठी लिहून देतो, आणि त्या चिठ्ठीवर पत्ता सरकारी दवाखान्याचाच असतो.

याच रुग्णालयाचे नाव २०२३ साली साऱ्या देशात गाजले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत तिथे २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे आणि माणसे कमी पडली असा आरोप झाला. रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले होते, औषधे होती, असे प्रशासनाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. किल्लारीचा भूकंप झाला तो १९९३ सालचा ३० सप्टेंबरच होता. तीस वर्षांनी त्याच तारखेला आपल्या भागात पुन्हा बातमी, आणि या वेळी जमीन हलली नव्हती. आम्ही दोषाचा निवाडा करायला बसलेलो नाही. पण त्या आठवड्यात वस्तीतल्या आयाबाया आम्हांला एकच विचारीत होत्या, "लेकराला आता न्यायचं कुठं?"

या प्रश्नाला उत्तर देताना आमचे पाय दोन दगडांवर होते. कारण त्याच सुमारास आमच्या ओळखीतल्या एका बाईचे सातव्या महिन्यात झालेले बाळ सरकारी नवजात कक्षात १९ दिवस काचेच्या पेटीत होते आणि ते जगले. तिचा नवरा सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्याचा खर्च झाला तो येण्याजाण्याचा, बुडालेल्या मजुरीचा, आणि दोनदा "बाहेरून आणा" म्हणून दिलेल्या चिठ्ठ्यांचा. खासगीत त्या पेटीचे एका दिवसाचे भाडे त्याच्या आठवड्याच्या मजुरीत भागले नसते. आता ती बाहेरची चिठ्ठीही देता कामा नये होती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, तपासणी, जेवण, घरी सोडायची गाडी, आणि आजारी बाळाचा उपचार, सारे मोफत. पण रात्री दोन वाजता बाळ निळे पडलेले असताना कोणता बाप चिठ्ठी हातात घेऊन परिपत्रक दाखवत बसेल? तो पळत मेडिकलला जातो. आमचे म्हणणे इतकेच की पळावे, पण पावती जपून ठेवावी आणि सकाळी ती घेऊन अधीक्षकांकडे जावे. आम्ही गेलो होतो. पैसे परत मिळाले नाहीत, पण तिसरी चिठ्ठी आली नाही.

आणखी एक बारीक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सारी त्यात आली. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. तो निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. म्हणजे नांदेड शहरातल्या श्री गुरु गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालयात एक नियम आणि विष्णुपुरीला दुसरा. दोन्ही सरकारीच. पेशंटच्या नातेवाइकाला हा खात्यांतला भेद कळावा अशी अपेक्षा आहे, आणि तो कळत नाही म्हणून खिडकीवरचा माणूस त्याच्यावर खेकसतो. खेकसणे मात्र दोन्ही खात्यांत निःशुल्क आहे.

आता विम्याकडे वळू. विमा म्हटले की आपल्याला टाय घातलेला एजंट आठवतो, पण आपल्या घरात विमा वेगळ्याच दाराने आला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत आपला नांदेड होता. लातूरला नोव्हेंबर २०१३ उजाडावे लागले. मधल्या काळात लातूरचे पाहुणे नांदेडला येऊन विचारीत, "तुमच्या कार्डात आमच्या म्हाताऱ्याचं नाव घालता येईल का?" ही योजना म्हणजे विमाच होता. सरकारने प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता सरकारी विमा कंपनीला द्यायचा, आणि कंपनीने यादीतल्या दवाखान्याला दीड लाखापर्यंतचे बिल चुकते करायचे. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान योजना आली, २०२० साली दोन्ही एकत्र चालू लागल्या, आणि १ जुलै २०२४ पासून संरक्षण पाच लाखांचे होऊन पिवळ्या, केशरी कार्डाबरोबर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडले. सत्तर वर्षांवरच्या सर्वांसाठी, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचे वेगळे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारी दवाखानेही या योजनेच्या यादीत असतात. तुम्ही सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया करून घेतली आणि आरोग्यमित्राकडे योजनेत नोंद केली, तर त्या उपचाराचे पैसे त्या दवाखान्याला मिळतात. नोंद केली नाही तर उपचार होतो, पण दवाखान्याच्या पदरात काही पडत नाही. आपले लोक म्हणतात, "सरकारीत तर फुकटच आहे, कार्ड कशाला दाखवायचं?" दाखवायचे ते यासाठी. ती आपल्याच खाटेची डागडुजी आहे.

आता ती गोष्ट.

२०२२ सालच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमानंतर आम्ही लातूरला एका विमा एजंटाला बोलावले. चांगला, गोड बोलणारा माणूस होता. कोरोनाची दोन वर्षे नुकतीच सरली होती, खासगी दवाखान्यांच्या बिलांनी लोक भाजलेले होते, आणि आम्हांला मनापासून वाटत होते की नोकरदार घरांनी तरी पॉलिसी घ्यावी. आम्ही त्याला माईक दिला. आम्हीच टेबल मांडले. बाजार समितीत हमालीत आयुष्य काढलेले एक काका, त्यांचा मुलगा शिकवणीवर्गाच्या कार्यालयात कामाला, ते दोघे फॉर्म भरायला बसले. वर्षाचा हप्ता २६ हजारांच्या आसपास. त्यात तेव्हाचा १८ टक्के जीएसटी. काकांना सात वर्षांपासून शुगर होती. फॉर्ममध्ये जुन्या आजाराचा रकाना आला तेव्हा एजंट म्हणाला, "ते लिहिलं तर हप्ता वाढेल, कदाचित कंपनी नाहीच म्हणेल. गोळी तर एकच आहे ना? राहू द्या." काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही.

सुमारे सोळा महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, काकांना हृदयविकाराचा झटका आला. मुलाने जवळच्या खासगी रुग्णालयात नेले आणि काउंटरवर अभिमानाने पॉलिसीचा कागद ठेवला. अँजिओप्लास्टी झाली, काका वाचले. आत शिकाऊ डॉक्टरने विचारले, पूर्वी काही आजार? मुलाने खरे सांगितले, शुगर आहे, सात वर्षे झाली. ते केसपेपरवर उतरले. कंपनीने तोच केसपेपर मागवला, फॉर्मशी लावून पाहिला आणि क्लेम नाकारला. बिल २ लाख १० हजार. डिस्चार्जसाठी मुलाने तीन टक्के महिन्याने पैसे उचलले आणि पुढे ते फेडायला गावाकडचा अर्धा प्लॉट गेला.

एवढ्यावर संपले असते तर आम्ही एजंटाला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण ते रुग्णालय योजनेच्या यादीत होते. काकांचे पिवळे रेशनकार्ड ट्रंकेत होते. ही अँजिओप्लास्टी योजनेत बसत होती, त्यांचा एक रुपया लागला नसता. आरोग्यमित्राचे टेबल दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला होते. मुलगा त्याच्या समोरून पॉलिसी घेऊन काउंटरवर गेला, कारण आम्ही त्याला पॉलिसीचे सांगितले होते, कार्डाचे सांगितले नव्हते. योजनेत आधी मंजुरी लागते. तातडीच्या वेळी फोनवर नोंद घेऊन कागद मागाहून घेतात, पण पैसे भरून घरी गेल्यावर परतावा मिळत नाही. कंपनीच्या नकाराविरुद्ध पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, ती नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. हे आम्हांला कळले तेव्हा वर्ष उलटून गेले होते.

आम्ही काकांना भेटायला गेलो. त्यांनी चहा केला. म्हणाले, "तुम्ही तिथंच बसला होता की." आणखी काही म्हणाले नाहीत.

या प्रसंगानंतर आमच्यात फार वाद झाला. एक मत असे की खासगी विमा ही शुद्ध लूट, आपल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये. दुसरे मत असे की फॉर्म खोटा भरला ही चूक आपली, कंपनीने काय करावे? हा वाद तथागतांच्या काळाइतका जुना आहे हे आम्हांला विनयपिटकातल्या महावग्गाने दाखवले. मगधात पाच रोगांची साथ पसरली होती : कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार. लोक वैद्य जीवकाकडे गेले. तो म्हणाला, माझ्यावर राजाचा, अंतःपुराचा आणि संघाचा भार आहे, मला सवड नाही. तेव्हा लोकांनी युक्ती काढली. प्रव्रज्या घेतली, संघात शिरून जीवकाकडून बरे झाले आणि चीवर उतरवून घरी गेले. असा एकजण जीवकाला रस्त्यात भेटला. जीवकाने भगवंतांना विनंती केली आणि नियम झाला की हे पाच रोग असणाऱ्यास प्रव्रज्या देऊ नये. उपसंपदेच्या वेळी आजही हे रोग आहेत का असे विचारतात. भंतेजी इथे आहेत, ते सांगतील. विमा कंपनीचा फॉर्म यापेक्षा निराळा काय विचारतो? आजारी पडल्यावरच लोक आत आले तर कोणताही सामाईक निधी बुडतो, मग तो संघाचा असो की कंपनीचा. हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच महावग्गात दुसरा प्रसंग आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला कोणी विचारीत नव्हते. भगवंतांनी आणि आनंदाने त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग इतरांना विचारले, याची सेवा का केली नाही? उत्तर आले की हा आमच्यासाठी कधी काही करीत नसे. हप्ता भरला नव्हता, म्हणून क्लेम नाही! हे उत्तर भगवंतांनी चालू दिले नाही. जीवकाचा नियम दारावरचा आहे. आतल्या माणसाला त्याने काय दिले हे विचारायचे नाही. आमच्या मते खासगी विम्याची अडचण इथेच आहे : दारावरचा नियम त्याने खाटेपर्यंत आणला आहे, आणि दाराबाहेर राहिलेल्यांचे काय, याची जबाबदारी त्याच्यावर नाही. ती ज्याच्यावर आहे त्याने झटकून चालणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा पाहिला? ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितले. १९४४ साली अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कायदा झाला तेव्हा ते खाते बाबासाहेबांकडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण पाया तिथे घातला गेला. त्यात हप्ता पगारावर ठरतो, आजारावर नाही. शुगर आहे का, असे तिथे कोणी विचारीत नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर विमा ही राज्याचीच मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे राज्याने सक्तीचे करावे, असे त्यांनी मांडले. १९५६ साली आयुर्विमा सरकारी झाला, १९७३ साली सर्वसाधारण विमाही. मेडिक्लेम आला १९८६ साली, तोही सरकारी कंपन्यांकडूनच. खासगी कंपन्यांना १९९९ च्या कायद्याने दार उघडले. म्हणजे ज्या वाटेने आपण चाललो आहोत ती काही निसर्गाने पाडलेली नाही.

आणि हा कर्मचारी विमा कोणाला लागू आहे? महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला. आपल्यातले सुरक्षारक्षक, कंत्राटी सफाई कामगार, औद्योगिक वसाहतीतली मुले यांनी पगारचिठ्ठी काढून पाहावी. पाऊण टक्का कापला जात असेल तर सव्वातीन टक्के मालकाने भरायचे असतात आणि तुमच्या नावाचा विमा क्रमांक असला पाहिजे. आम्ही एका दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईंना विचारले. कपात होत होती. क्रमांक त्यांना ठाऊक नव्हता. दवाखान्यातच काम करून त्या आजारपणात उसने पैसे मागत होत्या.

ज्यांनी पॉलिसी घेतली आहे किंवा घ्यायचीच आहे, त्यांना आम्ही नको म्हणत नाही. शिक्षक, बँकवाले, बाहेरगावी नोकरीला असलेली मुले यांना तिचा उपयोग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे झाली. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली तर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत परत करता येते. त्या तीस दिवसांत घरातल्या शिकलेल्या पोराकडून फॉर्मची प्रत वाचून घ्या. शुगर असेल तर शुगर लिहा, मग हप्ता वाढो. आणि काहीही झाले तरी रेशनकार्ड ट्रंकेत ठेवू नका.

एक मात्र पॉलिसी सहसा करीत नाही, आणि योजनाही बहुतांशी करीत नाही. रोजची बीपीची गोळी ती देत नाही. तुम्ही खाटेवर आडवे झालात की विमा जागा होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले शंभरातले ३९ रुपये अजून लोक स्वतःच्या खिशातून देत होते. २०१३-१४ साली ते ६४ होते. उतरले, हे खरे. पण उरलेल्यांतला मोठा भाग गोळ्यांचा आणि तपासण्यांचा आहे, आणि तो चुकवायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात गोळी असावी लागते. काकांना सात वर्षे शुगरची गोळी नीट मिळाली असती, तपासणी झाली असती, तर पॉलिसी आणि कार्ड दोन्ही लागले नसते, अशी आमची समजूत आहे. म्हणून यंदा समितीने ठरवले आहे की महिन्यातून एकदा दोघांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जायचे, शुगर-बीपीच्या गोळ्या आहेत का ते विचारायचे, आणि नसल्या तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. भांडायचे नाही, पोच घ्यायची.

आणखी एक ठराव झाला आहे, की विहारात विमा एजंटाला माईक द्यायचा नाही.

शेवटची सूचना. दर रविवारी सकाळी दहा ते एक नांदेड आणि लातूर दोन्हीकडे विहारात कार्ड तपासणीचे टेबल असते. लातूरच्या टेबलावर ते काकाच बसतात; आम्ही बोलावले नव्हते, ते आपण होऊन आले. चष्मा लावून रेशनकार्डावरचे नाव आधारवरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर लावून पाहतात, आणि काना-मात्रा चुकलेली असेल तर आधी दुरुस्तीला तहसीलला पाठवतात. त्यांच्याकडे जाताना मूळ कागद घेऊन जावे. झेरॉक्स ते पाहत नाहीत.

जयभीम. नमो बुद्धाय.